चाकांवरचा हिशोब (भाग ६) : डिझेल आज चढतं, भाडं तीन महिन्यांनी

२०२२चा मार्च महिना आठवून पाहा. त्याआधीचे १३७ दिवस तेल कंपन्यांनी पेट्रोल-डिझेलच्या दराला हात लावला नव्हता. जगात कच्चं तेल भडकलं होतं, युक्रेनचं युद्ध सुरू झालं होतं, तरी पंपावरचा आकडा जागचा हलत नव्हता. पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या, १० मार्चला निकाल लागले आणि २२ मार्चपासून आकडे धावू लागले. ६ एप्रिलपर्यंतच्या १६ दिवसांत १४ वेळा दरवाढ झाली. मुंबईत डिझेल ९४ रुपये १४ पैशांवरून १०४ रुपये ७७ पैशांवर गेलं.

आता पिंपळे गुरवमधून चाकणला कामगार नेणारी एक स्टाफ बस डोळ्यांसमोर आणा. काटेपुरम चौक, सृष्टी चौक इथून पाळीची माणसं घ्यायची, कासारवाडी, नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत कुरुळीवरून निघोजे-म्हाळुंगेच्या पट्ट्यात सोडायची आणि सुटलेल्या पाळीला घेऊन परत यायचं. एका बाजूचे २५ किलोमीटर धरले, तर तीन पाळ्यांचे दिवसाला १५० किलोमीटर होतात. लिटरला ६ किलोमीटरचं ॲव्हरेज मिळालं, तर रोज २५ लिटर डिझेल लागतं. लिटरमागे सव्वादहा-साडेदहा रुपये वाढले, की दिवसाला अडीचशेच्या वर आणि २६ दिवसांच्या महिन्याला साडेसहा ते सात हजार रुपये जादा. हे पैसे बसमालकाने त्या १६ दिवसांत कुठून आणले? बहुतेकांनी घरखर्चातून किंवा पंपावरची उधारी वाढवून आणले. बसचं बिल कंपनीकडून दोन-तीन महिन्यांनी निघतं. पंपवाला इतका थांबत नाही.

वाढ थेट दहा रुपयांची नव्हती, हेही इथे सांगायला हवं. मूळ दर वाढला तो साधारण साडेआठ रुपयांनी. त्यावर राज्याचा व्हॅट टक्क्यांत लागतो. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत तेव्हा डिझेलवर २४ टक्के व्हॅट होता, पुण्यात २१ टक्के. त्यामुळे साडेआठ रुपयांची वाढ मुंबईच्या पंपावर पोहोचेपर्यंत १० रुपये ६३ पैशांची झाली आणि आपल्याकडे त्याहून पाव रुपयाने कमी. केंद्राचा अबकारी कर लिटरमागे ठरावीक रुपयांत असतो, तो दराबरोबर फुगत नाही. व्हॅट फुगतो. म्हणजे डिझेल महागलं, की राज्य सरकारने काहीही न करता त्याच्या तिजोरीत जास्त पैसे पडतात. २०२४च्या अर्थसंकल्पात मुंबई परिसराचा दरही २१ टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा पिंपरी-चिंचवडला त्याचा काही उपयोग नव्हता, इथे तो आधीपासूनच २१ होता. डिझेल जीएसटीत नसल्याने भरलेल्या कराची वजावट मिळण्याचाही प्रश्न नाही. टायरवरच्या, सुट्या भागांवरच्या करासाठी मोठा ट्रान्सपोर्टर वजावटीचा मार्ग काढू शकतो, डिझेलवरचा कर मात्र जो टाकी भरतो त्याच्याच अंगावर राहतो.

टाकी भरतो कोण, हा आजचा खरा विषय आहे.

चाकण पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांचे वाहतुकीचे करार बऱ्यापैकी नीट लिहिलेले असतात. त्यात डिझेलचा एक पायादर असतो, भाड्यात डिझेलचा वाटा किती टक्के हे ठरलेलं असतं आणि दर अमुक इतका हलला, की भाडं त्या प्रमाणात वर किंवा खाली न्यायचं असं कलम असतं. कागदावर हे न्याय्य आहे. गोम असते ती तारखेत. बऱ्याच करारांत दर पाहायचा तो तिमाहीच्या पहिल्या दिवशी. आता हे कलम २०२२च्या आकड्यांना लावून पाहा. मुंबईचेच दर घेतो, कारण ते सहज पडताळता येतात. १ एप्रिलला डिझेल १०० रुपये ९४ पैसे होतं, करार हा आकडा धरणार. ६ एप्रिलला ते १०४.७७ झालं आणि २१ मेपर्यंत तिथेच राहिलं. २२ मेपासून केंद्राने अबकारी कर सहा रुपयांनी कमी केला आणि दर ९७.२८वर आला. १ जुलैला करार पुन्हा पाहणार तेव्हा त्याला दिसणार ९७.२८. म्हणजे साडेसहा आठवडे टिकलेलं १०४.७७चं शिखर कराराच्या कागदाला कधी दिसलंच नाही.

मग त्या साडेसहा आठवड्यांत लिटरमागे ३ रुपये ८३ पैसे कोणी सोसले? आणि २२ मे ते ३० जून या काळात डिझेल ९७.२८ असताना भाडं १००.९४च्या हिशोबाने मिळत होतं, ते वरचे ३ रुपये ६६ पैसे कोणाला मिळाले? तोटा आणि फायदा एकाच माणसाच्या वहीत पडला असता, तर दोन्ही जवळजवळ फिटले असते. कलमाची कल्पनाही तीच आहे, की आज गेलं ते उद्या परत येईल.

पण आपल्याकडे करार एकाच्या नावावर असतो आणि गाडी दुसऱ्याची. कारखाना काम देतो एका लॉजिस्टिक्स कंपनीला, ती देते ट्रान्सपोर्टरला, ट्रान्सपोर्टरच्या स्वतःच्या गाड्या मोजक्या, बाकी सगळ्या अटॅच. पिंपळे गुरव, सांगवी, कासारवाडी, दापोडी या भागांत एक-दोन गाड्यांचे असे मालक पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेचसे स्वतःच चालक. डिझेलची अट वरच्या करारात असते, खालच्यात नसते. खाली करारच नसतो बहुधा, तोंडी ठरलेला दर असतो. डिझेल चढलं, की उत्तर मिळतं, ‘वरून वाढून आलं की देतो.’ उतरलं, की मात्र वरून कळवण्याची वाट कोणी पाहत नाही. पंपावरचा आकडा सगळ्यांनाच दिसतो, त्याच आठवड्यात भाव खाली बोलायला सुरुवात होते. अशा रीतीने उशिराचा तोटा खालच्या माणसाच्या वाट्याला जातो आणि उशिराचा फायदा मधल्या माणसाच्या. यात कोणी बेकायदा काही करत नाही. म्हणूनच ही गोष्ट कुठल्या तक्रारीत येत नाही आणि तिच्यासाठी रस्ताही कोणी अडवत नाही.

दर ‘उतरतो’ असं आपण सहज म्हणतो, पण गेल्या दहा-बारा वर्षांत तो खरंच किती उतरला? १९ ऑक्टोबर २०१४पासून डिझेल सरकारी नियंत्रणातून मुक्त झालं. जगात दर पडले, की इथेही पडतील असा त्याचा अर्थ होता. नेमकं त्याच वर्षी कच्चं तेल घसरू लागलं, २०१६च्या जानेवारीत पिंपाला ३० डॉलरच्याही खाली गेलं. याच काळात, नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६मध्ये, अबकारी कर नऊ वेळा वाढला आणि डिझेलवर लिटरमागे एकूण साडेतेरा रुपयांच्या आसपास वाढ झाली. थोडं पंपावर उतरलं, बरंच दिल्लीत थांबलं. मग २०२०. लॉकडाऊनमध्ये कच्चं तेल कोसळलं आणि केंद्राने मे महिन्यात डिझेलवरचा कर एका झटक्यात १३ रुपयांनी वाढवला. कराचा आकडा ३१ रुपये ८३ पैशांवर गेला. गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या म्हणून त्या वेळी कुणाला जाणवलं नाही. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली तेव्हा जाणवलं. त्यानंतर नोव्हेंबर २०२१मध्ये १० आणि मे २०२२मध्ये ६ रुपये कमी झाले. जुलै २०२२मध्ये राज्याने ३ रुपये कमी केले, मार्च २०२४मध्ये तेल कंपन्यांनी २ रुपये. एप्रिल २०२५मध्ये केंद्राने पुन्हा २ रुपये कर वाढवला, पण पंपावरचा दर तोच ठेवला. कच्चं तेल तेव्हा स्वस्त झालं होतं. पंपावर जे उतरायला हवं होतं ते करात गेलं. वाढ झाली नाही म्हणून बातमीही लहानच आली.

पगारी चालकाला या सगळ्याशी देणंघेणं नाही, डिझेल मालकाचं, असं वाटणं साहजिक आहे. तसं नसतं. दर चढला, की मालकाची नजर ॲव्हरेजवर जाते. फेरीला इतके लिटर, त्यावर लागलं तर पगारातून. गाडीत डिझेल कमी भरलं, की चोरीचा संशय आधी चालकावर. बसमधला एसी बंद ठेवायची सूचना येते आणि रात्रपाळी करून घामेजलेल्या कामगारांची बोलणी चालकच खातो. गाडी ४५ ते ५५ किलोमीटरच्या स्थिर वेगाने चालवली, तर डिझेल वाचतं, असं पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना वर्षानुवर्षं सांगत आली आहे. सल्ला अगदी बरोबर आहे. फक्त चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात संध्याकाळी सहा वाजता तो कसा पाळायचा, तेवढं कोणीतरी दाखवावं. कंटेनर, स्टाफ बस, टेम्पो, दुचाक्या, सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. उभ्या गाडीचं इंजिन तासाला लिटर-दोन लिटर पिऊन जातं आणि दर दहा फुटांवर पहिला गिअर टाकत सरकणारी गाडी त्याहून जास्त. एका संध्याकाळच्या कोंडीत तीन लिटर गेले, तर २५ लिटरच्या बसला तो खर्च डिझेल दहा-बारा रुपयांनी महागण्याइतकाच पडतो. फरक इतकाच, की या वाढीची बातमी होत नाही आणि कुठल्याही करारात तिचं कलम नसतं. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४मध्ये मंजुरी दिली. चालकाच्या दृष्टीने तोही डिझेलचाच निर्णय आहे, मग तो कुठल्या का खात्याचा असेना.

छोट्या टेम्पोवाल्यांनी यातून एक वाट काढली, ती सीएनजीची. १ एप्रिल २०२२ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून ३ टक्क्यांवर आणला आणि पुण्यात किलोचा दर ६२ रुपये २० पैसे झाला. शेजारी डिझेल शंभरीच्या पुढे. कर्ज काढून गाड्या बदलल्या गेल्या. त्याच ऑगस्टपर्यंत सीएनजी नव्वदीच्या घरात पोहोचला. ज्यांनी चार महिन्यांपूर्वीच्या फरकावर हप्त्याचं गणित मांडलं होतं, त्यांना हप्ता तोच राहिला आणि फरक गेला. शिवाय पंपावरची रांग. डिझेल भरायला दहा मिनिटं लागतात, सीएनजीच्या रांगेत एक फेरी जाते. तरीही शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला सीएनजी परवडतो, असंच माझं मत आहे. चाकणहून नाशिककडे किंवा घाट उतरून जेएनपीटीकडे माल नेणाऱ्याला मात्र डिझेलला आजही सहज पर्याय नाही.

एसटीकडे पाहिलं, की संस्थेला आणि सुट्या माणसाला डिझेल कसं वेगळं लागतं ते कळतं. मार्च २०२२मध्ये घाऊक डिझेल एकदम २५ रुपयांनी महागलं. मुंबईत घाऊक दर १२२ रुपये ५ पैसे झाला तेव्हा किरकोळ पंपावर तेच ९४.१४ला मिळत होतं. एसटीच्या गाड्या तेव्हा आपल्या आगारातला पंप सोडून बाहेरच्या पंपांवर उभ्या राहिल्या. घाऊक घेणाऱ्याला किरकोळीत घेणं स्वस्त पडावं, हा प्रकार एकूणच अजब. भाडं वाढवायला एसटीकडे सूत्र आहे, त्यात डिझेलबरोबर टायर, चासी, महागाई भत्ता धरतात. ऑक्टोबर २०२१मध्ये भाडं १७.१७ टक्क्यांनी वाढलं आणि त्यानंतर थेट जानेवारी २०२५मध्ये १४.९५ टक्क्यांनी. मधली तीन वर्षं तोटा महामंडळाने वाहिला. अटॅच गाडीच्या मागे महामंडळ नसतं.

२०२२नंतर दर बराच काळ एका जागी राहिला, ते तरी बरं झालं ना? अर्धंच. डिझेल हललं नाही, म्हणून भाडं वाढवायचं कारणच उरलं नाही. दरम्यान टायर, विमा, टोल, फिटनेस, बीएस-६ गाड्यांना लागणारा युरिया, सगळं वाढत गेलं. ‘डिझेल कुठे वाढलंय?’ या एका प्रश्नावर भाड्याचं बोलणं मिटतं. वाहतूकदारांना डिझेल हा एकच आकडा दाखवून भांडायची सवय लागली, त्याचा हा परिणाम.

जुलै २०१८मध्ये देशभरातल्या मालवाहतूकदारांनी आठ दिवस गाड्या उभ्या केल्या होत्या. डिझेल स्वस्त करा ही मागणी सगळ्यांच्या लक्षात राहिली. तिच्या शेजारी आणखी एक मागणी होती, दर रोज बदलू नका, तीन महिन्यांतून एकदा बदला. जून २०१७पासून दर रोज बदलायला लागले होते. भाडं तिमाहीला आणि डिझेल रोज, या दोन घड्याळांचा मेळ बसत नाही, हे चालवणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं. मला ती मागणी स्वस्ताईच्या मागणीपेक्षा शहाणी वाटते. सरकारने ती मान्य केली नाही.

तेव्हा घड्याळ जुळवायचं ते कराराच्या बाजूने. गाडी अटॅच करताना पायादर तारखेसह लिहून घ्यावा. तिमाहीचा पहिला दिवस न धरता मागच्या महिन्याचा सरासरी दर धरायला सांगावं, म्हणजे शिखर मधल्या मध्ये हरवत नाही. वरच्या करारातली वाढ किती दिवसांत खाली येणार ते लिहून घ्यावं आणि दर उतरल्यावर कपातीलाही तेवढेच दिवस लावावेत. उभं राहण्याचा खर्च, म्हणजे हॉल्टिंग, तासावर लावून घ्यावा. एकट्या गाडीवाल्याचं हे कोणी ऐकणार नाही. एकाच कारखान्याला लागलेल्या दहा-बारा गाड्यांनी मिळून मागितलं तर ऐकतात, कारण पहिल्या पाळीला माणसं वेळेत पोहोचली नाहीत, तर लाइन थांबते आणि ते कुठल्याच कारखान्याला परवडत नाही.

पुढच्या आठवड्यात : टोल, फास्टॅग आणि रिकाम्या परतीच्या फेरीचा खर्च.