सॅक निवडताना

माजी विद्यार्थ्यांनी जमविलेल्या निधीतून या वर्षी वसतिगृहातील प्रत्येक मुलामुलीस एक सॅक द्यावी असे ठरले आणि ती निवडण्याचे काम आम्हा पाच जणांवर सोपविण्यात आले. काम किरकोळ वाटले होते. बाजार पाहून, भाव विचारून, एका रविवारी उरकून टाकू, अशा समजुतीने आम्ही निघालो आणि प्रत्यक्षात त्यात अडीच महिने गेले. अखेर टेबलावर दोन नमुने उरले. एक निळा, एक राखाडी. दोन्हींवर 30 लिटर असे छापलेले, दोन्हींना दोन मोठे कप्पे, पुढे एक लहान कप्पा, दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटलीसाठी जाळी. किमतीत अवघा 60 रुपयांचा फरक. दुरून पाहणाऱ्यास त्या जुळ्या बहिणीच वाटाव्यात. दर जून महिन्यात पालकांसमोर दुकानात हाच पेच उभा राहतो, म्हणून आमची निवड कशी झाली ते सविस्तर लिहावे, असे स्मरणिकेच्या संपादकांनी सुचविले.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे काहींना वाटेल. काही वर्षांपूर्वी अशाच देणगीतून मुलांना सॅक दिल्या गेल्या होत्या. वाटपाच्या दिवशी त्या देखण्या दिसल्या. दिवाळीच्या सुटीत मुले घरी गेली तेव्हा निम्म्या सॅकचे पट्टे खांद्यापाशी उसवले होते. कुणाच्या आईने गोधडीच्या सुईने ते शिवले, कुणी सुतळीने बांधले. दोष पुरवठादाराचा होताच, पण आपल्यापैकी कोणीही ती सॅक आतून उलटी करून पाहिली नव्हती, हा दोष आपला. त्या वेळी निवड करणाऱ्यांत आम्हांपैकी दोघे होते, हेही येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

सॅक कोणती चांगली, हा प्रश्न तसा अपुरा आहे. ती कोणाच्या पाठीवर आणि कोणत्या वाटेवर जाणार, हे आधी पाहावे लागते. आपल्या मुलांची खोली आणि वर्ग यांत तीन-चार मिनिटांचे अंतर आहे. रोजचे दप्तर त्यांना फार वेळ वाहावे लागत नाही. मात्र वर्षातून चार-पाच वेळा तीच सॅक घेऊन ती गावी जातात. एस.टी.ची गर्दी, सीटखाली कोंबलेले सामान, फाट्यावर उतरून पुढे पायी चालणे, हे सारे त्यात येते. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारी मुलेही हीच सॅक नेतात, आणि शिवाजी पार्कवरील पुस्तकांच्या स्टॉलवरून परतताना ती नेलेल्यापेक्षा जड होऊन येते. आमच्या काळी यासाठी पत्र्याची पेटी आणि वळकटी असे. पेटी मजबूत खरी, पण तिची कडी ज्यांच्या बोटांना रुतली त्यांना तिचे फारसे कौतुक नाही.

प्रथम वजन. दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न जुना आहे. लेखक आर. के. नारायण यांनी 1989 साली राज्यसभेत त्यावर भाषण केले, पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल 1993 मध्ये आला. केंद्राच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. इयत्ता आठवीसाठी ही मर्यादा 2.5 ते 4 किलो, नववी-दहावीसाठी 2.5 ते 4.5 किलो अशी दिली आहे. या हिशेबात रिकाम्या सॅकचे वजनही धरावे लागते, आणि नेमके तेच आपण विसरतो. आम्ही किराणा दुकानाच्या काट्यावर दोन्ही नमुने ठेवले. निळी 560 ग्रॅम भरली, राखाडी 790 ग्रॅम. 36 किलो वजनाच्या मुलाने 3.6 किलोच वाहावे असे मानले, तर राखाडी सॅक एक पुस्तक आत जाण्यापूर्वीच त्यातील पाचव्या हिश्श्याहून अधिक वाटा खाऊन टाकते. घरून शाळेत दररोज दोन किलोमीटर पायी जाणाऱ्या मुलासाठी आम्ही येथेच थांबलो असतो आणि निळी घेतली असती. अशा पालकांनी आमच्या अंतिम निर्णयाचे अनुकरण करू नये.

कापडाविषयी दुकानदार 'डेनियर' हा शब्द वापरतात. 9000 मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तर धागा जाड, एवढाच त्याचा अर्थ. वीण विरळ असेल तर जाड धाग्याचे कापडही लवकर फसकते. त्याहून महत्त्वाचे असते कापडाच्या आतल्या बाजूचे लेपन. पाणी अडते ते त्यामुळे. हलक्या प्रतीचे लेपन दोन पावसाळ्यांत चिकट होऊन पापुद्र्यांसारखे निघू लागते आणि वह्यांना चिकटते. आम्ही दोन्ही सॅकच्या तळाचा भाग वाटीसारखा खोलगट करून त्यात पेलाभर पाणी ओतले आणि अर्धा तास वाट पाहिली. कापडातून पाणी कोठेच उतरले नाही. शिवणीतून मात्र दोन्हींमध्ये उतरले. शिवणीच्या भोकांतून पाणी येणारच, म्हणून 'वॉटरप्रूफ' या शब्दावर विसंबून कोणी वह्या भिजवून घेऊ नयेत. पुस्तकांभोवती प्लास्टिकची एक साधी पिशवी घालावी.

खरा फरक आतून उलटे केल्यावर दिसला. पूर्ण भार ज्या ठिकाणी एकवटतो अशा जागा सॅकला चारच असतात. दोन्ही पट्टे वर पाठीला जोडलेले असतात त्या दोन, आणि खाली तळाच्या कोपऱ्यांत जोडलेले असतात त्या दोन. मूल धावते, सॅक उसळते आणि प्रत्येक उसळीला तिथे हिसका बसतो. राखाडी सॅकमध्ये वरच्या जोडावर चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण होती, शिवाय पट्ट्याचे टोक दोन इंच आत घेऊन पाठीच्या कापडाच्या दोन पदरांमध्ये धरले होते. खाली पट्टी थेट शिवणीत न खुपसता एका त्रिकोणी तुकड्यात पकडली होती आणि त्यावर दाट, एकमेकांना भिडलेल्या आडव्या टाक्यांची छोटी पट्टी होती. निळ्या सॅकमध्ये पट्टा शिवणीत अर्धा इंच गेलेला, वर एकच सरळ टीप. बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसत होत्या. आतल्या कडांचेही तेच. राखाडीच्या कापडाच्या कापलेल्या कडांवर फीत शिवली होती, निळीच्या कडा उघड्या होत्या आणि बोटाने ओढताच धागे सुटू लागले. ज्याला घाई आहे त्याने बाकी काही पाहू नये, फक्त सॅक उलटी करून हे चार जोड आणि या कडा पाहाव्यात.

खांद्यावरचा पट्टा ही जुनी गरज आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षापात्रासाठी थैलीची आणि ती खांद्यास अडकविण्यासाठी पट्ट्याची अनुज्ञा आढळते. चारिका करणाऱ्या संघालाही ओझे कसे वाहावे हा प्रश्न पडला होता, असे आमच्यातील एक जण सभेत म्हणाले, आणि चहा येईपर्यंत चर्चा भलतीकडेच वळली.

चेनच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे रनरच्या मागे कोरलेला आकडा. 5, 8, 10 असे आकडे असतात आणि ते साधारणतः मिटलेल्या दात्यांची मिलिमीटरमधील रुंदी सांगतात. मुख्य कप्प्याला 8 वा त्याहून मोठी चेन असावी, असे आमचे मत आहे. दुसरी म्हणजे दात्यांचा प्रकार. वेटोळ्याच्या दात्यांची चेन एखाद्या ठिकाणी उघडली तरी रनर मागे नेऊन पुन्हा ओढल्यास बहुधा जुळते. सुट्या, जाड प्लास्टिक दात्यांच्या चेनचा एक दाता तुटला की सगळी चेन बदलावी लागते. दोन्ही नमुन्यांना वेटोळ्याचीच चेन होती, परंतु निळीची 5 क्रमांकाची आणि वरच्या कोपऱ्यांत एकदम वळलेली. तीव्र वळणावर रनर तिरका ओढला जातो आणि लवकर सैल होतो. राखाडीचे कोपरे गोलसर होते.

निळीची बाजूही मांडली पाहिजे. तिची पाठ उत्तम होती. गादी अंगठ्याने दाबली असता लगेच वर येई, मधोमध हवा खेळण्यासाठी खाच होती, छातीवर बांधायची पट्टी होती. राखाडीला ही पट्टी नाही. गर्दीत सॅक पुढे घेऊन चालताना किंवा लहानखुऱ्या मुलीच्या खांद्यावरून पट्टे घसरताना तिची उणीव जाणवते. समितीतील आमच्या भगिनींनी हा मुद्दा शेवटपर्यंत सोडला नाही, आणि तो बरोबर होता.

आता 30 लिटरचे. छापील आकड्यावर विश्वास न ठेवता आम्ही दिवाळीच्या सुटीला मूल जे नेते तेच सामान दोन्हींत भरले. दोन जोड कपडे, गणवेश, टॉवेल, चादर, चार पुस्तके, तीन वह्या, साबणाची डबी, चपला, बाटली. राखाडीत हे सारे बसून वर बोटभर जागा राहिली. निळीची चेन चादरीसह मिटेना. तिच्या मागच्या कप्प्यात लॅपटॉपसाठी जाड अस्तर आहे, ते जागा खाते आणि आपल्या मुलांना अजून त्याचा उपयोग नाही. दहावीनंतर महाविद्यालयात ही सॅक नेणाऱ्यास कदाचित होईल. पण कदाचितसाठी चादर बाहेर ठेवणे आम्हांस पटले नाही.

त्यानंतर सहा मुलांना तीन निळ्या व तीन राखाडी सॅक जुलै-ऑगस्टचे सहा आठवडे वापरायला दिल्या. मुले आमच्याहून चांगली परीक्षक निघाली. राखाडीची बाजूची जाळी उथळ असल्याने बसमध्ये बाटली पडते, हे आमच्या लक्षातही आले नव्हते. ते सातवीच्या एका मुलाने सांगितले. एका निळ्या सॅकची चेन पाचव्या आठवड्यात कोपऱ्यावर उघडी पडली, दुसरीच्या पट्ट्याची टीप सैल झाली. तिसरीला काही झाले नाही. तीन सॅकवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण जे आतून पाहिले होते तेच घडले, म्हणून आमचा कौल राखाडीकडे झुकला. पुरवठादाराने जाळी तीन इंच खोल करून देण्याचे आणि छातीची पट्टी बसविण्याचे मान्य केले. त्यासाठी नगामागे 22 रुपये वाढले.

सर्वांत अधिक वाद झाला तो मात्र कापड वा चेनवर नव्हे. सॅकच्या दर्शनी भागावर देणगीदारांची नावे आणि 'सप्रेम भेट' असे मोठ्या अक्षरांत विनामूल्य छापून देऊ, असा प्रस्ताव पुरवठादाराने मांडला. काही देणगीदारांना तो आवडला. त्यांची भावना निर्मळ होती, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु सॅक घेऊन मूल एस.टी.त चढते, तालुक्याच्या गावी स्पर्धेला जाते, पुढे महाविद्यालयात जाते. ते दान मिळालेले मूल आहे, हे त्याच्या पाठीवर प्रत्येकाने का वाचावे? परमपूज्य बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत आपल्या शाळेविषयी लिहिले आहे. वर्गात बसण्यासाठी त्यांना वेगळे तरट असे. शाळेची सफाई करणारा नोकर त्या तरटाला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. त्या मुलाच्या सामानातील एक वस्तू तो कोण आहे हे सगळ्यांना सांगत होती. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. हेतू अगदी विरुद्ध आहेत. तरीही पाठीवरच्या वस्तूने मुलाला इतरांपासून वेगळे काढू नये, एवढे तरी आपल्या शाळेने पाळावे, असे आम्ही सभेत सांगितले. एका ज्येष्ठ देणगीदारांनी स्वतः उठून आपले नाव मागे घेतले आणि प्रश्न मिटला. सॅकवर बाहेर काहीही छापलेले नाही, शाळेचे नावही नाही. देणगीदारांची यादी या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर आहे.

सगळ्या सॅक एकसारख्या असल्याने अदलाबदल होणार, ही अडचण उरली. त्यासाठी आत, मागच्या कप्प्याच्या वरच्या कडेला पांढऱ्या कापडाचा तुकडा शिवून घेतला आहे. प्रत्येकाने आपले नाव त्यावर स्वतः लिहावयाचे आहे. सुटीत घरी आलेली सॅक पालकांनी यंत्रात घालू नये. कोमट पाणी व साधा साबण वापरून हाताने धुवावी आणि सावलीत उलटी टांगून वाळवावी, म्हणजे आतले लेपन टिकेल.

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत चीवर आणि पात्रासोबत सुईलाही स्थान आहे. वसतिगृहाच्या कार्यालयात आता एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. त्यात जाड सुया, नायलॉनचा दोरा, मेण आणि 8 क्रमांकाचे वीस रनर आहेत. रनर कसा बदलावा हे आठवीच्या दोन मुलींनी शिकून घेतले असून दर रविवारी सकाळी दहानंतर त्या डब्याजवळ असतात.