स्पोर्ट्स कारची उंची आणि प्रवासाची सुखदता : एक यांत्रिक विवेचन

बीजसंज्ञा : सस्पेन्शन, स्प्रिंगचा ताठरपणा, नैसर्गिक वारंवारता, अवमंदन, चाकाची हालचाल-मर्यादा

प्रस्तावना

स्पोर्ट्स कार ही जमिनीलगत असावी, अशी एक समजूत तिच्या चाहत्यांमध्ये दृढ आहे. त्यामुळे नवी गाडी घेतल्यावर तिची उंची आणखी दोन-तीन सेंटिमीटरने कमी करणे हा युरोप, अमेरिका व जपानमधील वाहनप्रेमींचा आवडता उद्योग झाला आहे. हा बदल केल्यानंतर गाडी वळणावर अधिक स्थिर वाटते, असे मालक सांगतात. त्याच वेळी शेजारी बसलेली व्यक्ती पाठीची तक्रार करू लागते. उंची कमी केली की गाडी धक्के देणारच, हे मग एक अटळ सत्य म्हणून स्वीकारले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची भौतिकशास्त्राच्या अंगाने तपासणी केली असून, सुखदता नेमकी कोठे आणि कशामुळे हरवते, तसेच ती कितपत राखता येते, याचा विचार केला आहे. विवेचनासाठी मॅझ्दा कंपनीच्या १९८९ साली बाजारात आलेल्या एमएक्स-५ या दोन आसनी गाडीचे उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे.

परिभाषेबाबत एक खुलासा आवश्यक आहे. सस्पेन्शन या संज्ञेसाठी ‘निलंबन’ हा शब्द कोशात सापडतो. परंतु प्राध्यापकवर्गाच्या मनात त्या शब्दाने निराळेच भय उत्पन्न होत असल्याने येथे रूढ इंग्रजी शब्दच योजला आहे.

उंची कमी केल्याने मिळते काय?

वळणावर गाडीचा भार आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सरकतो. हा सरकणारा भार गाडीचे वजन, वळणातील प्रवेग आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या सम प्रमाणात, तर डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. दोन प्रवाशांसह ११०० किलो वजनाची, चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असलेली आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर असलेली गाडी कल्पिली, तर गुरुत्वीय प्रवेगाच्या ०.८ पट वळणप्रवेग असताना सुमारे ३१४ किलो भार बाहेरच्या बाजूस जातो. गुरुत्वमध्य २ सेंटिमीटरने खाली आणल्यास हाच आकडा सुमारे ३०२ होतो. म्हणजे लाभ १२ ते १३ किलोंचा. प्रत्यक्षात चाके व आस खाली येत नाहीत, त्यामुळे तो याहूनही थोडा कमी भरतो.

हा लाभ खरा आहे, पण माफक आहे. उंची कमी केल्यावर गाडीत जो मोठा फरक जाणवतो त्याचे श्रेय बव्हंशी सोबत बसविलेल्या ताठर स्प्रिंगांना आणि नव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरना जाते. ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे ‘जितकी खाली तितकी चांगली’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

शरीराला काय सोसते?

स्प्रिंगवर तोललेल्या वस्तुमानाची एक नैसर्गिक वारंवारता असते. ती स्प्रिंगच्या ताठरपणाला वस्तुमानाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. साध्या स्प्रिंगच्या बाबतीत एक सोयीचे नाते मिळते : गाडीच्या भाराने स्प्रिंग किती दबली आहे यावरूनच वारंवारता निश्चित होते. २५० मिलिमीटर दबलेली स्प्रिंग सेकंदाला सुमारे १ आंदोलन देते. ११० मिलिमीटर दबलेली १.५, तर ६२ मिलिमीटर दबलेली २ आंदोलने देते. आरामशीर प्रवासी गाड्या पहिल्या आकड्याच्या जवळपास, तर रस्त्यावर चालणाऱ्या स्पोर्ट्स कार सर्वसाधारणपणे दुसऱ्या आकड्याच्या आसपास राहतात.

मानवी शरीर उभ्या दिशेतील कंपनांना सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ २६३१-१ या मानकातही या पट्ट्यातील कंपनांना अधिक महत्त्व दिले आहे. याउलट सेकंदाला अर्ध्या आंदोलनाहून संथ हेलकावे मळमळ उत्पन्न करतात. चालताना शरीर सेकंदाला दीड ते दोन वेळा वर-खाली होतच असते. त्यामुळे त्या आसपासच्या आंदोलनांचा फारसा त्रास होत नाही. थोडक्यात, वारंवारता १.५ वरून १.७ झाली म्हणून कोणाची पाठ दुखू नये. तरीही ती दुखते, आणि त्याचे कारण निराळे आहे.

हरवलेली हालचाल

खड्डा किंवा उंचवटा आला की चाक गाडीच्या अंगाकडे वर सरकते. त्याला सरकण्यास मर्यादित जागा असते आणि त्या जागेच्या शेवटी रबराचा वा फेसाळ पॉलियुरेथेनचा एक गुटका बसविलेला असतो. त्यालाच बम्प स्टॉप म्हणतात. गाडी खाली आणली की ही वरची जागा तितकीच घटते. चाक गुटक्यावर आदळले की प्रणालीचा ताठरपणा क्षणात अनेक पटींनी वाढतो आणि प्रवाशाला बसतो तो धक्का हा आहे. स्प्रिंगचे मऊपण त्या क्षणी निरुपयोगी असते.

येथे एक हिशेब उपयुक्त ठरतो. समजा, मूळ गाडीत चाकाला वर सरकण्यास ८० मिलिमीटर जागा आहे व वारंवारता १.५ आहे. स्प्रिंगने शोषलेली ऊर्जा ताठरपणा गुणिले हालचालीचा वर्ग या प्रमाणात असते. गाडी ३० मिलिमीटरने खाली आणल्यास जागा ५० उरते. तोच उंचवटा गुटक्यावर न आदळता पार करावयाचा तर ताठरपणा ८० भागिले ५० च्या वर्गाइतका, म्हणजे २.५६ पट हवा; वारंवारता मग २.४ होईल. ही शर्यतीच्या गाडीची प्रकृती झाली. गाडी २० मिलिमीटरच खाली आणली तर ताठरपणा सुमारे १.७८ पट व वारंवारता २ होते. आणि २० मिलिमीटर खाली आणून इतर मार्गाने १० मिलिमीटर जागा परत मिळविली, तर ताठरपणा फक्त १.३१ पट व वारंवारता १.७ पुरते.

हे शेवटचे वाक्य प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक आखूड स्प्रिंगा मूळपेक्षा पाव ते तिसरा हिस्साच अधिक ताठर असतात, पण गाडी ३० मिलिमीटर वा त्याहून खाली आणतात. परिणामी गाडी बराच काळ गुटक्यांवरच चालते आणि मालक स्प्रिंगला दोष देतो.

उंची आणि ताठरपणा या दोन अलग बाबी आहेत, हे सित्रोएन कंपनीने १९५५ सालीच डीएस या गाडीत दाखवून दिले होते. तीत स्प्रिंगचे काम गोलकातील वायू करी आणि उंची द्रवाच्या प्रमाणावरून ठरे. त्यामुळे भार वाढला तरी गाडी आपली उंची राखीत असे. पोलादी स्प्रिंगेत ही सोय नसते, म्हणून ती इतर भागांतून निर्माण करावी लागते.

स्प्रिंग कापण्याविषयी

काही गॅरेजमध्ये मूळ स्प्रिंगचा एखादा वेढा कापून उंची कमी केली जाते. स्प्रिंगचा ताठरपणा क्रियाशील वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असल्याने सहापैकी एक वेढा कापला की तो २० टक्क्यांनी वाढतो. तेवढ्यापुरते ते गैर नाही. मात्र कापलेले टोक बैठकीवर नीट बसत नाही, चाक पूर्ण खाली लोंबले असता स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते, आणि गॅसच्या ज्योतीने कापल्यास पोलादाचे पाणी उतरते. हा मार्ग स्वस्त असला तरी प्रस्तुत लेखकाच्या मते त्याज्य आहे.

एमएक्स-५ चे उदाहरण

या गाडीमागील प्रेरणा १९६२ सालच्या लोटस एलान या इंग्लिश गाडीची होती. कॉलिन चॅपमन यांच्या त्या सुमारे सातशे किलो वजनाच्या गाडीत मऊ स्प्रिंगा आणि चाकांना भरपूर हालचाल होती, तरीही तिचे वळणावरील वर्तन आजतागायत नावाजले जाते. वजन कमी ठेवले की स्प्रिंग मऊ ठेवता येते, हा त्यातील धडा.

एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत चारही चाकांना दुहेरी विशबोन रचना आहे, मात्र वर सरकण्याची जागा मुळातच बेताची आहे. बम्प स्टॉप हा तेथे केवळ शेवटचा अडसर नसून दुय्यम स्प्रिंगसारखा लवकर कामाला लागतो. म्हणून ही गाडी नुसत्या आखूड स्प्रिंगांनी खाली आणली की उड्या मारू लागते. यावर तिच्या जाणकारांनी शोधलेला उपाय साधा आहे. १९९८ पासूनच्या दुसऱ्या पिढीतील शॉक अ‍ॅब्सॉर्बरची वरची बैठक निराळ्या घडणीची असून तीमुळे वर सरकण्यास अधिक जागा मिळते. ती जुन्या गाडीत बसविता येते. तिच्या जोडीला मूळ गुटक्याऐवजी हळूहळू ताठर होत जाणारा फेसाळ गुटका घातला की आदळण्याऐवजी दबण्याचा अनुभव येतो. आखूड अंगाचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर घेणे हाही त्याच जातीचा उपाय होय. यात चाकाची खालच्या दिशेची हालचाल काहीशी घटते आणि टायर मडगार्डला घासत नाही ना, हे पाहावे लागते.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम

स्प्रिंग बदलून जुनाच शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठेवणे ही सर्वांत सामान्य काटकसर आहे. क्रांतिक अवमंदन हे ताठरपणा व वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. ताठरपणा १.३ पट झाल्यास पूर्वीचेच अवमंदन-गुणोत्तर राखण्यासाठी अवमंदक बल सुमारे १४ टक्क्यांनी वाढविणे आवश्यक आहे. ते न वाढविल्यास गाडी उंचवट्यानंतर डुलत राहते. याउलट गरजेपेक्षा जास्त वाढविल्यास लहान खडबडीतपणाही थेट आसनापर्यंत पोहोचतो. म्हणून संथ हालचालीत घट्ट आणि जलद हालचालीत झडपा उघडून सैल होणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर श्रेयस्कर. गाडीचे कलणे संथ असते, खड्ड्याचा आघात जलद असतो. दोहोंना एकच उत्तर देणे हीच चूक असते.

अलीकडे हा निर्णय यंत्राकडेही सोपविला जातो. लोहकणयुक्त तेलाचा दाटपणा चुंबकीय क्षेत्राने बदलणारी मॅग्नेराइड ही प्रणाली २००२ साली कॅडिलॅक सेव्हिलमध्ये प्रथम आली. २०१८ च्या सुमारास सित्रोएन सी४ कॅक्टस व रेनॉ मेगान आरएस या गाड्यांत रबरी गुटक्याच्या जागी द्रवचलित थांबे देण्यात आले. ते आघाताची ऊर्जा परत न फेकता शोषून घेतात.

पुढील व मागील स्प्रिंगांचे नाते

रोल्स-रॉइसमधून १९३० साली कॅडिलॅककडे आलेल्या मॉरिस ऑली यांनी वजने हलविता येतील अशी प्रायोगिक गाडी बनवून एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. पुढची चाके उंचवट्यावर आधी चढतात, मागची नंतर. मागील वारंवारता पुढीलपेक्षा थोडी अधिक ठेवली तर मागचा भाग उशिरा सुरुवात करूनही पुढच्याला गाठतो आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे न डुलता सपाट वर-खाली होते. एमएक्स-५ मधील दोन आसांमधील अंतर २.२६५ मीटर असल्याने ताशी ८० किलोमीटर वेगाला हा विलंब सुमारे ०.१ सेकंद आहे. पुढच्या स्प्रिंगा वाजवीपेक्षा ताठर निवडून हे नाते उलटे करणारे संच बाजारात आहेत. प्रवाशाची मान दुखते ती अनेकदा त्यामुळे.

अन्य पथ्ये

कलणे कमी करण्यासाठी जाड अँटी-रोल बार घेतल्यास दोन्ही चाके एकत्र वर जाताना ताठरपणा वाढत नाही, पण एकच चाक खड्ड्यात गेल्यास डोके बाजूला हिसकते; म्हणून जाडी बेतानेच वाढवावी. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाड्यांत आणखी एक पेच आहे. गाडी खाली आणली की तिचे कलण-केंद्र गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली जाते, दोहोंमधील अंतर वाढते आणि गाडी अपेक्षेच्या उलट अधिक कलू पाहते. दुहेरी विशबोन रचनेत चाकांचा आतला कल वाढून टायरची आतील कड झिजते. चाकांची दिशा व कल पुन्हा मोजून घेणे कोणत्याही परिस्थितीत टाळू नये. मोठ्या व्यासाची जड चाके आणि पातळ टायर एकाच वेळी बसविल्यास वरील सर्व काळजी वाया जाते, कारण टायर हीदेखील एक स्प्रिंगच आहे.

आपल्याकडील वाचकास गतिरोधकाचा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकातील गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा व १० सेंटिमीटर उंच असतो. एमएक्स-५ एवढी आखूड गाडी त्याच्या मध्यावर उभी असता दोन्ही आसांना जोडणाऱ्या रेषेच्या वर त्याचा माथा जेमतेम ३८ मिलिमीटर येतो. म्हणजे नियमानुसार बांधलेल्या गतिरोधकावर वीस मिलिमीटर खाली आणलेल्या गाडीचेही पोट घासण्याचे कारण नाही. घासते ते डांबराच्या ढिगावर. कायद्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद काटेकोरपणे लागू केली आहे. परिवहन कार्यालयात आधी चौकशी करणे हिताचे.

केलेला बदल योग्य झाला की नाही, हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या चकचकीत दांड्यावर प्लॅस्टिकचा बारीक बंद हलकेच आवळून, तो खाली अंगापर्यंत सरकवून ठेवावा आणि नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवावी. परतल्यावर बंद जेथे थांबला असेल तेथपर्यंत चाक वर गेले होते. तो गुटक्याखाली थोडा दबलेला आढळला तर ठीक. पार चेपून वर रुतून बसला असेल तर गाडी एक सेंटिमीटर वर उचलावी आणि तोच रस्ता पुन्हा धरावा.