आधी थांबता आलं पाहिजे

नव्यानं मोटरसायकल शिकणारं कुणी पडलं की आजूबाजूची माणसं दोनच सल्ले देतात. एक, ‘लगेच पुन्हा बस, नाहीतर कायमची धास्ती बसेल.’ दुसरा, ‘पुरे झालं, हातपाय शाबूत राहिले हेच नशीब.’ पहिल्या सल्ल्यानं माणूस थरथरत्या हातांनी गाडीवर चढतो आणि पुष्कळदा पुन्हा पडतो. दुसऱ्यानं गाडी विकली जाते. पण गाडी ताब्यातून गेली तेव्हा नेमकं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. मी आयुष्यभर साताऱ्यात शाळेत खेळ शिकवले आणि आता रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर बायकांना मोटरसायकल शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये अगदी कोऱ्या असतात, तशा एकदा पडून आलेल्याही असतात. माझं लक्ष या दुसऱ्यांकडे जास्त असतं, कारण त्यांना शिकवण्याआधी त्यांचं ऐकून घ्यावं लागतं.

जावळी तालुक्यातल्या एका उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका अशाच आल्या होत्या. गावात त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, मीही तेच म्हणते. लसीकरणाला वाड्या-वस्त्यांवर जायचं, एसटी दिवसातून एकदोनदा, बाकी पायपीट. घरात यजमानांची शंभर सीसीची मोटरसायकल होती. स्कूटर का नाही, असं त्यांना बरेच जण विचारत. स्कूटरची चाकं दहा-बारा इंचांची आणि मोटरसायकलची सतरा-अठरा इंचांची असतात. खड्ड्यांच्या, दगडगोट्यांच्या रस्त्यावर मोठं चाक कमी दणके देतं, सहज पार होतं. त्यांचा निर्णय विचार करून घेतलेला होता. शिकाऊ लायसन काढलं, दिरानं शेताच्या वाटेवर शिकवलं, आणि थोड्याच दिवसांत उपकेंद्राची कच्ची वाट डांबरी रस्त्याला मिळते त्या चढावर गाडी त्यांच्या हातातून सुटली. रस्ता आडवा पार करून गाडी पलीकडच्या चरात गेली. समोरून काही येत नव्हतं म्हणून निभावलं. कोपर सोललं, मनगट सुजलं, हँडल वाकडं झालं.

“बाई, मी रेस दिलीच नव्हती. गाडीच पळाली,” त्या मला म्हणाल्या.

हे वाक्य मी अनेकींच्या तोंडून ऐकलं आहे आणि ते खोटं नसतं. त्यांना खरोखर तसंच जाणवलेलं असतं. चढावर क्लच हळूहळू सोडायचा असतो. तो झटक्यात सुटला की इंजिनाचा सगळा जोर एकदम मागच्या चाकाला मिळतो आणि गाडी उडी घेते. बसलेलं माणूस मागे फेकलं जातं. हात मात्र हँडलवर घट्ट असतात, कारण पडायच्या भीतीनं माणूस हाताला लागेल ते आवळतोच. शरीर मागे गेलं की हात ताणले जातात, उजवं मनगट खाली ओढलं जातं, आणि मनगट खाली गेलं म्हणजेच रेस वाढली. रेस वाढली की गाडी आणखी जोरात पळते, शरीर आणखी मागे जातं, मनगट आणखी पिळलं जातं. हे सगळं एखाददोन सेकंदांत होतं. रेस हातानं दिलेली असते, पण मनानं दिलेली नसते. म्हणून माणसाला वाटतं, गाडीला आपली आपण लहर आली. आपोआप पळणाऱ्या वस्तूवर विश्वास कोण ठेवील? सिस्टरांना धीर देण्यात अर्थ नव्हता. आधी गाडी का पळाली ते कळायला हवं होतं.

ते समजावून झाल्यावर मी त्यांना विचारलं, “त्या वेळी डावा हात काय करत होता?” त्या गप्प झाल्या. डाव्या हाताला क्लच असतो. इंजिन कितीही ओरडत असू दे, रेस पुरती पिळलेली असू दे, क्लच आत ओढला की इंजिनाचा आणि चाकाचा संबंध तुटतो. गाडी नुसती ओरडते, पळत नाही. म्हणून माझ्याकडे पडून आलेलीला मी पहिली गोष्ट हीच करून दाखवते. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक हवेत, समोर कुणी नाही, चाकाजवळ ओढणी-पदर नाही. पहिला गियर टाकून हलकी रेस द्यायची, चाक फिरताना बघायचं, आणि क्लच ओढायचा. इंजिनाचा आवाज चढतो, पण चाकामागचा जोर गेलेला असतो. मागचा ब्रेक जरासा दाबला की ते निमूट उभं राहतं. सिस्टरांनी हे पुन्हा पुन्हा केलं. त्यानंतरच त्या पहिल्यांदा हसल्या.

पण मैदानात येण्याआधी दोन ठिकाणी जाऊन यायचं असतं आणि घाईत ते राहून जातं. पहिलं ठिकाण दवाखाना. पडताना माणूस तळहात टेकवतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत राहिलं तर ‘मुरगळलं असेल’ म्हणून तेल चोळत बसू नये. तिथलं एक छोटं हाड मोडलं तरी पहिल्या एक्सरेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, आणि दुर्लक्ष झालं तर ते नीट जुळत नाही. डोक्याला मार लागला असेल आणि नंतर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात विसंगती दिसली तर वेळ न घालवता रुग्णालय गाठायचं. जखमेसाठी धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, हेही डॉक्टरांनाच विचारायचं.

दुसरं ठिकाण गॅरेज. पडलेली गाडी चालते म्हणजे ती ठीक आहे असं नाही. मेकॅनिकला नुसतं ‘बघून द्या’ न म्हणता समोर उभं राहून विचारायचं: हँडल सरळ आहे का, पुढचे शॉकअब्सॉर्बर वाकले आहेत का, ब्रेकचं आणि क्लचचं लीव्हर वाकलेलं नाही ना, कुठून ऑइल गळतंय का. आणि रेस सोडली की ती चटकन मागे येते का. पडल्यावर रेसची मूठ किंवा केबल अडकायला लागली तर दुसरा अपघात ठरलेला. हे सगळं शिकणाऱ्या व्यक्तीनं स्वतः बघावं असा माझा आग्रह असतो. सिस्टरांच्या घरी गाडी परस्पर दुरुस्त होऊन आली होती. मी त्यांना पुन्हा मेकॅनिककडे पाठवलं, कारण गाडी सरळ आहे हे दुसऱ्यानं सांगून जेवढं पटतं त्याहून स्वतः बघून जास्त पटतं.

आता थांबण्याचं. शिकवणारे दीर, भाऊ, नवरे आधी गाडी चालवायला शिकवतात. क्लच सोड, रेस दे, गियर टाक. थांबणं म्हणजे काय, ब्रेक मारला की झालं! इथेच मोठी गफलत होते. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा बारकाईनं तपास केला आणि १९८१ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या देशात मोठी गाडी हौसेची, आपल्याकडे छोटी गाडी पोटापाण्याची, हा फरक खरा. पण त्यातले काही निष्कर्ष आपल्या गल्लीतले वाटतात. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के जण आपलं आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. निम्म्याहून अधिक जणांना ती विशिष्ट गाडी हाताळून पाच महिनेही झालेले नव्हते. आणि संकटाच्या क्षणी त्यांची नेहमीची चूक एकच होती. मागचा ब्रेक इतका दाबायचा की चाक जाम होऊन गाडी घसरते, आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरायचाच नाही.

आपल्याकडे तर ‘पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील’ हे गाडी शिकवण्याआधीच शिकवलं जातं. गाडी थांबताना तिचं वजन पुढे झुकतं, पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. त्यामुळे थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. तो ब्रेक झटक्यात आवळला, किंवा हँडल वळलेलं असताना, वाळूवर, कचखडीवर मारला तरच पाडतो. हँडल सरळ ठेवून, लिंबू पिळावं तसा हळूहळू वाढत्या जोरानं दाबला आणि सोबत मागचा दिला, तर गाडी जागच्या जागी बसते. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्याहून लहान गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक जोडून लावणारी व्यवस्था असते. ती मदत मोठी आहे, पण हात तयार नसेल तर पुरत नाही.

म्हणून पडून आलेलीला मी मैदानात आधी फक्त थांबायला लावते. माणसाच्या चालीनं निघायचं, खुणेच्या विटेपाशी थांबायचं. ते अंगवळणी पडलं की थोडा वेग वाढवायचा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासूनचं अंतर चौपट होतं, हे वहीत लिहून कळत नाही, वीट मागे जाते तेव्हा कळतं. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे ‘अरे’ म्हणेपर्यंत एका मोठ्या दिवाणखान्यापेक्षाही जास्त रस्ता मागे पडलेला असतो. थांबता येतं ही खात्री पटली की चालवण्याची भीती निम्मी उतरते.

मग उरलेलं सगळं. गुडघ्यांनी टाकी धरून बसायचं म्हणजे शरीर मागे फेकलं जात नाही. रेस बंद असताना मूठ पकडायची ती मनगट खालच्या बाजूला ठेवून, म्हणजे अनवधानानं रेस वाढायला मनगटात जागाच राहत नाही. नजर जिथे जायचं तिथे. चराकडे बघत राहिलं तर गाडी चराकडेच जाते. आणि पडलेली गाडी उचलायची कशी तेही. इंजिन बंद, गियरमध्ये, गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधी बाहेर काढून ठेवायचा, सीटला पाठ लावून खाली बसायचं आणि पाठीनं न उचलता पायांच्या ताकदीनं मागे ढकलत उठायचं. शंभर सीसीची गाडी साधारण ११० किलोची असते. जपानमध्ये मोटरसायकलच्या लायसनसाठी शिकताना आडवी गाडी उचलणं हा शिक्षणाचाच भाग आहे. सिस्टरांनी गाडी एकटीनं उभी केली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पडल्या दिवशी चरातून गाडी बाहेर काढायला चार माणसं जमली होती आणि त्या बाजूला उभ्या होत्या, हे त्यांना जास्त लागलं होतं, असं त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं.

आणि तो चढ? त्याला आम्ही शेवटी हात घातला. भीती घालवण्याचा हा क्रम मानसशास्त्रात जुना आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या तीनएक वर्षांच्या पीटर नावाच्या मुलावर काम केलं. तो आवडीचं खात असताना ससा आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मग थोडा जवळ, असं करत करत शेवटी मूल सशाला हात लावू लागलं. ससा पहिल्याच दिवशी मांडीवर ठेवला नाही, आणि घरातून हद्दपारही केला नाही. पडलेल्या माणसाला लगेच त्याच रस्त्यावर ढकलणं किंवा गाडी विकून टाकणं, या दोन्हींत ही मधली वाट हरवते. टाळत राहिलं की भीतीला आपलं म्हणणं खरं ठरवायची संधी मिळते, कारण ‘काही झालं नाही’ हा अनुभव कधी येतच नाही.

सिस्टर आधी चालत त्या चढापर्यंत गेल्या, रस्ता नीट बघितला. कच्च्या वाटेवरची खडी चढाच्या टोकाशी गोळा होते हे तेव्हा दिसलं. मग पहाटे, वाहनं नसताना, दीर मागे उभे, इंजिन बंद करून गाडी ढकलत. मग क्लचवर, मागचा ब्रेक धरून. भीती पूर्ण गेली नाही, आणि मी ती जावी असं म्हणतही नाही. चढाच्या टोकाशी आजही त्या आधी थांबतात, मग दोन्ही बाजूंना बघून निघतात. मुसळधार पावसात, जांभ्याची लाल माती डांबरावर आली की त्या गाडी घरी ठेवून एसटीनं जातात. मला हा आत्मविश्वास वाटतो. पावसात न जाण्याचा निर्णय ज्याला घेता येतो त्याला गाडी चालवता येते, असं माझं ठाम मत आहे.

भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हा आकडा मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. घाबरवायला नाही, घरच्यांची काळजी खोटी नाही, हे तिला कळावं म्हणून. पण काळजीपोटी घरात जे घडतं ते मला पाहवत नाही. मुलगा पडला तर ‘पडल्याशिवाय येत नाही’, आणि सून पडली तर किल्ली कपाटात. दोघांचं मनगट सारखंच पिळलं जातं, दोघांना शिकावं लागतं तेही सारखंच.

म्हणून विनंती घरच्यांना आहे. पडून आलेल्या माणसाला आधी ‘लागलं का’ विचारा, गाडीचं नंतर. निदान दोन महिने गाडी विकायचा विषय काढू नका. रविवारी सकाळी मैदानापर्यंत सोबत जा, आणि तिथे गेल्यावर बाजूला बसा, सूचना देऊ नका. आणि पडताना जे हेल्मेट डोक्यावर होतं ते आपटलं असेल तर वरून धडधाकट दिसलं तरी पुन्हा घालू देऊ नका, कारण आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबून डोकं वाचवतो. नवं, आयएसआय खुणेचं, हनुवटीखाली पट्टा नीट बसणारं हेल्मेट आधी आणा, मग किल्ली द्या.