‘त्यांना काही सांगू नका, डॉक्टर’

कर्करोगाचे निदान झाले की पुष्कळदा मुलगा अहवाल घेऊन एकटाच दवाखान्यात येतो आणि दार लोटून म्हणतो, “बाबांना यातलं काही सांगू नका, डॉक्टर.” दोन दिवसांनी बाबा येतात. “मला सगळं कळलंय, पण मुलांसमोर विषय काढू नका, ती खचतील.” एका छपराखाली दोघे परस्परांना जपत असतात आणि दोघेही एकाकी होत जातात.

या मौनामागे माया असते, हे मला मान्य आहे. पण ते महागात पडते. रुग्णाला भीती बोलून दाखवता येत नाही, शुश्रूषा करणाऱ्याला रडायला कोपरा उरत नाही. शिवाय केमोथेरपीच्या कक्षात शेजारच्या रुग्णाकडून सत्य कळतेच. ते घरच्या माणसाने हात हातात घेऊन सांगितलेले बरे. सारे एकाच बैठकीत सांगावे असे मुळीच नाही. “तुम्हाला या आजाराबद्दल काय वाटतं? आणखी जाणून घ्यायचं आहे का?” एवढे विचारावे. रुग्ण थांबला की आपणही थांबावे.

आता त्या घरातील पत्नीकडे पाहू. पतीचे पथ्य, औषधांच्या वेळा आणि नातलगांचे फोन सांभाळताना ती स्वतःच्या रक्तदाबाची गोळी विसरते. तिची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, कशातच मन लागेनासे झाले, तर तो केवळ थकवा समजू नये. तिला डॉक्टरांकडे न्यावे, आणि तेही रुग्णाच्या तपासणीला जोडून नव्हे, स्वतंत्रपणे.

आधार कोठे मिळेल? मोठ्या कर्करोग रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. तेथे केवळ पैशांच्या मदतीसाठी जायचे, असा समज रूढ आहे. कुटुंबाची मानसिक घालमेल ऐकून घेणे हेही त्याच विभागाचे काम आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) येणाऱ्या बाहेरगावच्या कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा ठाऊक असतो. समदुःखी माणसे शेजारी असली की जे सख्ख्या भावाला सांगवत नाही, ते तेथे सहज बोलले जाते. मुंबईतील ‘व्ही केअर’सारख्या संस्थांत स्वतः या आजारातून उठलेले स्वयंसेवक भेटतात, त्यांच्या शब्दाला जे वजन असते, ते आम्हा डॉक्टरांच्या शब्दाला येत नाही. घराबाहेर पडणे शक्य नसेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. २०२२ पासून ही शासकीय सेवा अहोरात्र चालू आहे.

वेदना अनावर असतील तर उपशामक उपचारांची चौकशी सुरुवातीलाच करावी. ते केवळ अखेरच्या दिवसांसाठी नसतात, आणि त्या तज्ज्ञांशी कुटुंबालाही बोलता येते.

भेटीस येणाऱ्यांना एक विनंती. कोणाच्या काढ्याने कोण बरे झाले, हे कृपया सांगू नका. त्याऐवजी एका दुपारी रुग्णाजवळ तीन तास बसा आणि त्या माउलीला झोपू द्या.