मूरवरचे एक पाऊल

इंग्लंडमधील मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मधोमध एक ओसाड, भणाणत्या वाऱ्याचा माळ पसरला आहे. अशा माळाला तेथे ‘मूर’ म्हणतात. किंडर स्काउट हा त्याचा सर्वांत उंच भाग. उंची अवघी ६३६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. झाडे जवळजवळ नाहीत. हेदरची खुरटी झुडपे, गवत आणि पायाखाली काळी, ओली माती!

एके काळी हा माळ शिकारीसाठी राखलेला होता. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण मनाई मोडून वर चढले आणि त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९५१ मध्ये येथे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. आता हिवाळ्यात बर्फ पडला, की छायाचित्रे घेण्यासाठी येथे झुंबड उडते.

गर्दी टाळण्यासाठी पहाटे मोटारीने निघावे, असे तुम्हांला वाटेल. पण रस्ता तेव्हाच सर्वांत धोक्याचा असतो. रात्री डांबरावरचे पाणी गोठून पातळ थर बनतो. तो पारदर्शक असल्याने रस्ता नुसता ओला भासतो आणि चाके घसरतात. शिवाय उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला सुमारे ६ अंशांनी उतरते. म्हणून शहरात पाऊस असताना ५०० मीटरहून उंच असलेल्या ‘स्नेक पास’ घाटात हिमवर्षाव होऊ शकतो. त्यापेक्षा पायथ्याच्या ईडेल गावी आगगाडीने जाणे बरे.

बर्फाचे चित्र घेताना एक गंमत होते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे शुभ्र बर्फ चित्रात मळकट येतो. अशा वेळी एक्स्पोजर एक-दोन स्टॉप वाढवावे. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावतात, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवावी.

मात्र चित्राच्या मोहात पायवाट सोडू नका! ती काळी माती म्हणजे ‘पीट’. स्फॅग्नम नावाचे शेवाळ कोरड्या वजनाच्या सुमारे २० पट पाणी धरून ठेवते. अशा चिंब जमिनीत प्राणवायू पोचत नाही. त्यामुळे मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत, त्यांचे थर साचत जातात. ही वाढ वर्षाला साधारण १ मिलिमीटर. आता हिशेब करा. तुमच्या बुटाने ३ सेंटिमीटरचा खड्डा पडला, तर किती वर्षांची साठवण तुडवली गेली? तीस वर्षांची!

एका पावलाने काय होणार? पण एकामागून शेकडो पावले जातात. वनस्पती मरतात, पीट उघडे पडून वाळते आणि पावसात वाहून जाते. त्यात हवा शिरली, की शतकानुशतके साठलेला कार्बन वायुरूपाने वातावरणात परततो.

यावर तेथील लोकांनी एक उपाय केला. ईडेलहून निघणाऱ्या ‘पेनाइन वे’ या पायवाटेवर दलदलीच्या जागी त्यांनी दगडी फरशा अंथरल्या. त्यांतील कित्येक फरशा बंद पडलेल्या जुन्या कापडगिरण्यांतील आहेत. गिरण्यांच्या धुराने एके काळी येथले शेवाळ मारले. आज त्यांचेच दगड उरलेल्या पीटचे रक्षण करीत आहेत.

मूरवर चालण्याच्या हक्कासाठी माणसे तुरुंगात गेली. तो हक्क टिकवायचा, तर पाऊल फरशीवरच ठेवायला हवे, नाही का?