टाकळीची छावणी व सीताबर्डीचा किल्ला

नागपुरांतील सदर ही वस्ती मूळची सदर बाजार होय. लष्करी ठाण्याच्या मुख्य बाजारास हें नांव देण्याचा इंग्रजी अमलांतील प्रघात वाचकांस विदित आहेच. टाकळी लगतच असून शेजारच्या एका भागास अद्यापि छावणी म्हणतात. फौज गेली, नांवें राहिलीं. जुन्या कागदांचा काळ ठरवितांना या नांवांचा उपयोग कसा होतो, तें येथें दाखवावयाचें आहे.

सीताबर्डीचा किल्ला भोसल्यांनीं बांधिला असा समज कोठें कोठें आढळतो. तो बरोबर नाहीं. इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरांत, तारीख २६ व २७ रोजीं, आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशीं लढाई झाली तेव्हां तेथें थोरली व धाकटी अशा दोन टेकड्याच होत्या. पूर्वेस शहर, पश्चिमेस रेसिडेन्सी. रेसिडेंट जेन्किन्स याजपाशीं कर्नल स्कॉटच्या हाताखालीं दीड हजाराच्या आंतच लोक होते. धाकटी टेकडी अरबांनीं घेतली. परंतु कॅप्टन फिट्झजेरल्डच्या स्वारांनीं निकराचा हल्ला केला, आणि अरबांच्या मोर्चांत दारूगोळ्याची गाडी उडाली, तेणेंकरून पारडें फिरलें. उघड्या टेकडीचा हा धोका अनुभवास आल्यावर, १८१८ पासून पुढें, इंग्रजांनीं तेथें तट घातले.

१८२१ त कामठीचें ठाणें वसलें. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघोजी निवर्तले, पुढील वर्षीं राज्य खालसा झालें, व नवी ‘नागपूर इर्रेग्युलर फोर्स’ उभारण्यांत आली. तिचे घोडेस्वार टाकळीस असत. १८५७ च्या जून महिन्यांत त्यांनीं योजिलेला उठाव आधींच फुटला. स्वारांचीं हत्यारें काढून घेण्यांत आलीं, व कांहीं प्रमुखांस फांशी झाली. आज ती फौज नाहीं, तिच्या जागीं शहर वाढलें आहे. किल्ला मात्र प्रादेशिक सेनेच्या ताब्यांत आहे.

यावरून संग्राहकांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. १८१७ पूर्वीची मिती घातलेल्या कागदांत ‘किल्ले सीताबर्डी’ असा उल्लेख आल्यास तो कागद संशयास्पद मानावा. तसेंच नुसतें ‘छावणी’ म्हटलें असतां ती कामठीची कीं टाकळीची, हें मिती व पलटणीचें नांव पाहूनच ठरवावें. अशा कागदांचे रुमाल जुन्या घरांत असण्याचा संभव आहे. ते रद्दींत जाण्यापूर्वीं पाहिले गेले, तर या विसरलेल्या छावणीचा इतिहास सांगण्यास साधन उरेल.