ख्रिस्ती विवाहाचें मर्म व इ. स. १७३६ चा गोमंतकांतील मनाईहुकूम

१

कोंकणपट्टींतील जुन्या कागदपत्रांत ख्रिस्ती विवाहाशीं संबंध असलेले लेख मुख्यतः दोन प्रकारचे आढळतात. एक, चर्चमधील विवाहनोंदींच्या वह्या. आणि दुसरा, त्या विवाहांतील हळद, मांडव, विडा, ओव्या इत्यादि चालींस मनाई करणारे हुकूम. पहिल्या प्रकाराकडे बहुधा वंशावळ जुळविण्यापुरतेंच पाहिलें जातें. दुसऱ्यावरून असा सिद्धांत काढण्यांत येतो कीं, गोमंतक व वसई प्रांतांतील ख्रिस्त्यांच्या लग्नांत ज्या देशी चाली दिसतात त्या अपुऱ्या धर्मांतराच्या खुणा होत. हा सिद्धांत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. ख्रिस्ती विवाहाचें मर्म कशांत आहे हें त्या धर्माच्याच मूळ लेखांवरून आधीं ठरविलें, म्हणजे या चालींचें विवाहांतील स्थान कोणतें व मनाईहुकुमास प्रामाण्य किती, हीं दोन्ही आपोआप उलगडतात. तेवढेंच करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

आपल्याकडे मनुस्मृतीच्या मतें सातव्या पावलावर विवाहाची निष्ठा, म्हणजे पूर्णता, होते. पाश्चात्य ख्रिस्ती परंपरेंत ती जागा वधूवरांच्या वचनास आहे. ‘मी तुला पत्करीन’ असें भविष्यकाळीं बोललेलें वचन हा वाङ्निश्चय. ‘मी तुला पत्करतों’ असें वर्तमानकाळीं बोललेलें वचन हा विवाह. बाराव्या शतकांत बोलोन्याच्या ग्रातियनचें मत असें होतें कीं, वचनानें विवाहाचा आरंभ होतो, पण त्याची पूर्णता समागमानें होते. उलट, पॅरिसच्या पीटर लोंबार्ड यानें वर्तमानकाळच्या वचनासच विवाह मानिलें. पोप तिसरा अलेक्झांडर (इ. स. ११५९-११८१) याच्या निवाड्यांमुळें पुढें हें दुसरें मत प्रबळ झालें. यावरून एक गोष्ट निघते, ती अन्यधर्मीय वाचकांस चमत्कारिक वाटेल. रोमन चर्चच्या रूढ सिद्धांताप्रमाणें विवाहसंस्कार करणारे उपाध्याय म्हणजे स्वतः वधूवरच. धर्मगुरु हा चर्चच्या वतीनें संमति ऐकून घेणारा साक्षी व आशीर्वाद देणारा. पूर्वेकडील ग्रीक परंपरेंत मात्र धर्मगुरूच्या आशीर्वादास व मुकुटधारणविधीस अधिक महत्त्व आहे.

संमतीस एवढें महत्त्व कां, याचें उत्तर विवाहाच्या पारमार्थिक अर्थांत सांपडतें. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत पतिपत्नींचें नातें हें ख्रिस्त व त्याची मंडळी यांच्या नात्याचें प्रतीक म्हणून वर्णिलें आहे. तेथें या गोष्टीस मूळ ग्रीकांत ‘रहस्य’ या अर्थाचा ‘मिस्तेरियॉन’ हा शब्द आहे. लॅटिन भाषांतरांत त्याच्या जागीं ‘साक्रामेंतुम्’ हा शब्द आला, व विवाहाची गणना सात संस्कारांत होण्यास तो मोठा आधार झाला. ख्रिस्तानें मंडळीकरितां आपणांस अर्पण केलें असें तेंच पत्र सांगतें. हें अर्पण स्वेच्छेचें होतें. म्हणून त्याचें प्रतीक होऊं पाहणारा विवाहहि स्वेच्छेचाच असला पाहिजे. बळजबरीनें वदविलेल्या शब्दांत तें प्रतीक उतरत नाहीं. तसेंच, तें अर्पण परत घेतलें जात नाहीं, म्हणून विवाहहि अविच्छेद्य. स्वातंत्र्य आणि अविच्छेद्यता हीं या विवाहाचीं दोन अंगें होत.

सुधारणावादी पंथांनीं यांतील कांहीं भाग सोडला. लूथरनें १५२० मध्यें विवाहाचें संस्कारपद नाकारिलें. परंतु संमतीचें महत्त्व तेथेंहि राहिलें. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनाग्रंथांतील विवाहविधींत वधूवरांचें परस्परांस दिलेलें वचन हाच गाभा आहे.

३

मग अंगठी, मुकुट, पदर यांचें काय? याचें सर्वांत स्पष्ट उत्तर इ. स. ८६६ च्या एका पत्रांत मिळतें. बल्गार लोकांचा राजा बोरिस यानें नवीनच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यानें रोमास अनेक प्रश्न पाठविले, व पोप पहिला निकोलस यानें त्यांस १०६ उत्तरें लिहिलीं. त्यांत रोमन चालीचें वर्णन आहे. वर वधूच्या बोटांत अंगठी घालतो, देणगीचा लेख करून देतो, मग दोघें चर्चमध्यें येऊन आशीर्वाद व पदर घेतात, आणि बाहेर पडतांना चर्चमध्येंच ठेवलेले मुकुट मस्तकीं धारण करतात. एवढें सांगून पोप लिहितो कीं, यांतील कांहीं न घडलें तरी पाप नाहीं, कारण पुष्कळांस दारिद्र्यामुळें हें साधत नाहीं. संमति असली म्हणजे पुरे, आणि ती नसेल तर बाकीचें सर्व होऊनहि व्यर्थ.

ज्या चिन्हांस आज निखालस ख्रिस्ती समजतात, त्यांतील बरीचशीं मूळचीं रोमन आहेत. वाग्दानाची अंगठी रोमन, हातांत हात देणें रोमन, पदरहि रोमनच. यांतील ग्राह्य कोणतें व त्याज्य कोणतें, हा वाद आरंभींच्या ख्रिस्त्यांतहि झाला. तिसऱ्या शतकाच्या आरंभीं तेर्तुलियन यानें अंगठीस व विवाहसमारंभास मूर्तिपूजेचा दोष लागत नाहीं असें मानिलें, परंतु पुष्पमुकुटास कडक विरोध केला. पुढें दोन शतकें लोटण्यापूर्वींच ख्रिसोस्तोम त्याच मुकुटांचा अर्थ विषयवासनेवरील विजयाचें चिन्ह असा लावितो, आणि ग्रीक चर्चमध्यें तर मुकुटविधि हेंच विवाहाचें नांव होऊन बसतें. वस्तु तीच राहिली, अर्थ मात्र नवा आला. पुढील विवेचनासाठीं हें उदाहरण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

४

संमतीच्या तत्त्वांत एक व्यावहारिक अडचण होती. केवळ वचनानें विवाह होत असेल, तर तें वचन एकांतांत दिलें तरी चालेल. मग एखादा पुरुष एकीशीं गुप्तपणें विवाह करी, आणि पुढें तिला टाकून दुसरीशीं उघडपणें लग्न लावी. पहिल्या स्त्रीपाशीं पुरावा नसे. देवापुढें ती पत्नी, परंतु न्यायासनापुढें कोणीच नव्हे. या अन्यायावर उपाय म्हणून ट्रेंट येथील धर्मसभेनें आपल्या चोविसाव्या बैठकींत, ११ नोव्हेंबर १५६३ रोजीं, आरंभींच्या शब्दावरून ‘तामेत्सि’ या नांवानें ओळखला जाणारा ठराव केला. लागोपाठ तीन सणांच्या दिवशीं चर्चमध्यें विवाहाची जाहीर पुकार व्हावी. आपल्या चर्चचा धर्मगुरु अथवा त्याच्या अनुमतीनें दुसरा धर्मगुरु, व दोन किंवा तीन साक्षी यांच्यासमक्ष संमति दिली जावी, नाहीं तर विवाह रद्द समजावा. आणि धर्मगुरूनें एक वही ठेवून तींत वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें, दिवस व स्थळ लिहावें, अशी त्यांत आज्ञा आहे. आपल्या संग्रहांतून दिसणाऱ्या विवाहवह्यांचें मूळ हें. ती वही महसुलासाठीं निघालेली नाहीं. दिलेल्या शब्दास साक्ष रहावी म्हणून निघाली आहे.

त्याच बैठकींत आणखी दोन गोष्टी ठरल्या. आईबापांची संमति नाहीं एवढ्यावरून विवाह रद्द होतो असें म्हणणाऱ्यांचा निषेध झाला, आणि प्रजेवर विवाहाची सक्ति करणाऱ्या जमीनदार व अधिकारी यांस बहिष्काराची शिक्षा सांगितली. परंतु आमच्या विषयास सर्वांत महत्त्वाचें वाक्य तामेत्सींतच आहे, व तेंच सहसा कोणी वाचीत नाहीं. एखाद्या प्रांतांत विवाहाच्या अन्य कांहीं प्रशस्त चाली व विधि असतील, तर ते अवश्य राखले जावे अशी आपली उत्कट इच्छा आहे, असें सभा तेथें म्हणते. विवाह लावतांना धर्मगुरूनें बोलावयाचे शब्दहि प्रांताच्या रूढीप्रमाणें निराळे असूं शकतील, अशी मोकळीक तिनें ठेविली.

५

गोमंतकांत मात्र वारें उलट वाहिलें. १५६० मध्यें तेथें इन्क्विझिशन, म्हणजे धर्मनिष्ठेची चौकशी करणारें न्यायासन, स्थापन झालें, व मध्यंतरींचीं चार वर्षें (१७७४-१७७८) वगळतां १८१२ पर्यंत तें चाललें. त्या न्यायासनानें १४ एप्रिल १७३६ रोजीं काढलेला मनाईहुकूम हा आमच्या लेखाचा मुख्य विषय होय. अनंत काकबा प्रियोळकर यांच्या १९६१ च्या गोव्यांतील इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथामुळें तो सर्वांस परिचित झाला. ख्रिस्त्यांच्या लग्नांत देशी वाद्यें वाजवूं नयेत; पानविडे वाटूं नयेत; फुलें, सुपारी, तळलेल्या पुऱ्या घरोघर पाठवूं नयेत; मांडव व तोरणें नकोत; हळदीची पिठी अंगास लावूं नये; लग्नाच्या आदल्या दिवशीं भात कांडूं नये, मसाला कुटूं नये; आणि ओव्या गाऊं नयेत, असा त्याचा आशय आहे.

हा हुकूम वाचतांना दोन गोष्टी मनांत येतात. पहिली, यांतील एकहि कलम संमतीस, अविच्छेद्यतेस वा वहींतील नोंदीस स्पर्श करीत नाहीं. भात कांडण्यानें ज्या विवाहास बाध येतो तो विवाह ट्रेंटचा नव्हे. दुसरी, ओवीची. याच भूमींत इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ मराठींत रचिलें, व तें १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. जी ओवी ख्रिस्तचरित्र सांगण्यास योग्य ठरली, तीच सव्वाशें वर्षांच्या आंत लग्नमांडवांत अपराध ठरली.

याहून अधिक मर्मावर आघात करणारा हुकूम पुढें निघाला. १७४५ मध्यें गोव्याच्या आर्चबिशपनें, ब्राह्मण व चारडो जातींच्या ख्रिस्त्यांस पोर्तुगीज भाषा आल्याशिवाय विवाहाची अनुमति मिळूं नये असें ठरविलें. हळद वा विडा बंद केल्यानें विवाहाचें वस्त्र गेलें. येथें प्रत्यक्ष संमतीच्याच वाटेंत अडसर घातला गेला. जें वचन मनापासून द्यावयाचें, तें देण्यापूर्वीं परकी भाषेची परीक्षा द्यावी लागावी, हें विवाहतत्त्वाशीं विसंगत नव्हे काय?

६

हुकूम झाले, पण चाली गेल्या नाहींत. १७३९ मध्यें वसई मराठ्यांच्या ताब्यांत आली, व त्या प्रांतावरील पोर्तुगीज न्यायासनाचा अंमल संपला; तेथील ख्रिस्त्यांत मांडव, हळद व वाजतगाजत विहिरीवरून आणावयाचें ‘उंबराचें पाणी’ हे विधि चालूच राहिले. गोमंतकांत हळदीशीं सजातीय असा ‘रोस’ विधि आहे. त्यांत नारळाचा रस वधूवरांच्या अंगास लावतात. वधूस मामाच्या घरीं कांकणांचा ‘चुडो’ भरण्याची चालहि आहे. गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्त्यांत रोसाच्या प्रसंगीं जीं गाणीं म्हणतात त्यांचें नांव ‘वोवियो’, म्हणजे मनाईहुकुमांतला तोच शब्द. आणि केरळांतील तोमासपंथी ख्रिस्ती वधूच्या गळ्यांत क्रूसाची खूण असलेलें ‘मिन्नु’ बांधतात. त्याचा दोरा वरानें दिलेल्या ‘मंत्रकोडी’ वस्त्रांतील सुतांचा असतो. मूळ वस्तु देशी, अर्थ ख्रिस्ती. ख्रिसोस्तोमच्या मुकुटाची हीच गति झाली होती.

शेवटीं चर्चनेंहि ट्रेंटचें तें विसरलेलें वाक्य उघड केलें. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनाविधींविषयीं जो ठराव केला, त्याच्या ७७ व्या कलमांत तें जसेंच्या तसें उद्धृत केलें आहे. प्रत्येक प्रदेशास आपल्या रूढीप्रमाणें विवाहविधि रचण्याची मुभाहि तेथें दिली आहे. अट एकच: धर्मगुरूनें वधूवरांची संमति विचारून ती स्वीकारली पाहिजे. म्हणजे ८६६, १५६३ व १९६३ हे तीन लेख एकच गोष्ट सांगतात. १७३६ चा लेख या ओळींत बसत नाहीं. तो ख्रिस्ती विवाहाच्या सिद्धांताचा पुरावा नसून, एका सत्तेस आपल्या प्रजेविषयीं वाटणाऱ्या संशयाचा पुरावा आहे.

७

यावरून संग्राहकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. विवाहाची वही हातीं आली तर केवळ नांवें उतरून घेऊन थांबूं नये. पुकार तीनदां झाली कीं तिची सूट मिळाली, साक्षीदार कोण व कोठचे, नात्याच्या आडकाठीसाठीं परवानगी घेतली कीं काय, हेंहि टिपावें. त्यांतच त्या काळच्या समाजाचें चित्र आहे. आणि ज्या घरांतून अशी वही वा कागद मिळेल, त्या घरांतील वृद्ध स्त्रियांस मांडवांतील गाणीं अवश्य विचारावीं. वहींत वचन राहिलें, गाण्यांत विधि राहिला. एकावांचून दुसरें अपुरें आहे. वही कपाटांत आणखी शंभर वर्षें टिकेल. गाणें मात्र तें म्हणणाऱ्या कंठाबरोबर जातें. यास्तव तें आधीं उतरून घ्यावें.